डावीकडे माळटिटवी

वास्तुशांतीचं आमंत्रण जनुभावजींना द्यावं की देऊ नये, हा आमच्या भागात मोठा अवघड प्रश्न होता. दिलं तर ते येणार आणि येताना फ्रेम आणणार. नाही दिलं, तर बिनबोलावता येणार आणि तरीही फ्रेम आणणारच. कर्जतपासून खालापूरपर्यंत माळांवर, शेतांवर, ओढ्याकाठी जे काही बंगले उठले, त्यांतल्या कितीतरी घरांत ती फ्रेम भिंतीवर आहे किंवा माळ्यावर टाकलेली आहे. एका चौकटीत दोन फोटो. डावीकडे त्या जागेवर पूर्वी जे राहत होतं ते. उजवीकडे तीच जागा, त्याच ठिकाणी उभं राहून, त्याच ऋतूत, त्याच वेळेला काढलेली आणि रिकामी. भटजी आशीर्वाद देऊन बाजूला झाले की भावजी पुढे व्हायचे, यजमानाच्या हातात ती वस्तू ठेवायचे आणि सांगायचे, "ही तुमच्या घराची जोड. डावीकडं पयलं, उजवीकडं आताचं." मग पंगतीत बसून व्यवस्थित जेवायचे आणि मठ्ठा दोनदा मागून घ्यायचे.

मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. माझी तयारी आहे, पण जनुभावजींविषयी नुसतं चांगलं बोलायचं तर मला बरंच खोटं बोलावं लागेल, आणि ते त्यांना चाललं नसतं. जनार्दन म्हसकर हे त्यांचं पूर्ण नाव. कर्जतला आमच्या घराच्या भिंतीला त्यांच्या घराची भिंत. मी शाळेत शिकवत होते आणि ते रसायनीला एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये होते. ते मला वहिनी म्हणत, मी त्यांना भावजी. उंच, वाळलेले, मानेतून पुढे झुकून चालणारे. हसू आलं तरी ते ओठांच्या आतच ठेवायचे, बाहेर काढलं तर झिजेल अशा बेताने.

कारखान्यात त्यांचं काम नदीच्या पाण्याचे नमुने आणण्याचं. रोज एकाच पायरीवर उभं राहायचं, एकाच खोलीवर बाटली बुडवायची, बूच लावून लॅबमध्ये आणून द्यायची. उभी नोकरी त्यांनी हेच केलं. "नमुना एकाच जागेचा आन् एकाच येळचा घ्यायचा, वहिनी. जागा बदलली का ती थाप झाली," असं ते मला अनेकदा सांगत, जणू काही मीही उद्यापासून बाटल्या भरायला जाणार होते. त्या पाण्यात काय निघालं हे मात्र त्यांना कोणी विचारत नसे. निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले, "बाटलीत काय हाय ते साहेब लोक ठरवायचे. आता कोण ठरवणार? दगड तिथंच हाय, मी तिथंच हाय. पाखरू हाय का नाय, तेवढंच बगायचं."

कॅमेरा त्यांनी नोकरीत असतानाच एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून जुना घेतला होता. पुढे दुसरा आला, पण रीत बाटलीचीच राहिली. त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. शिमग्याच्या सुमाराला भिवपुरीच्या वाटेवरचा पांगारा, चैत्रात खालापूरकडचा माळ, वैशाख संपताना डोंगराच्या पायथ्याचे काजवे, भाद्रपदात भातखाचरांचे बांध, दिवाळीनंतर तळ्याचा काठ. मुंबईहून शनिवार-रविवारी येणारे हौशी लोक हातभर लांब लेन्स घेऊन पक्ष्यामागे धावत. हे दगडावर बसून राहत. एखादा दमून विचारी, काका, काही दिसलं का? हे म्हणायचे, "दिसलं असतं तर हितं कशाला बसलो असतो? घरी गेलो असतो." एका पोराने फार सुंदर टिपलेला धनेश पक्षी दाखवला, तर त्याला म्हणाले की हा लग्नातल्या नवरीचा फोटो झाला, शेजारी आणखी किती होते आणि गेल्या साली किती होते ते सांग. तो पोरगा पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही.

वर्षं जाऊ लागली तशा त्या जागांवरच्या उजव्या बाजू रिकाम्या होत गेल्या. पांगाऱ्यावर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी यांची जत्रा भरायची, तिथे फुलंच फुलं आणि दोन कावळे. बांधावरचे खेकडे गेले, कारण बांध गेले. तळ्याकाठी पायऱ्या आणि दिवे आले, बदकं यायची थांबली. दुसऱ्या कोणी असं सगळं पाहून डोळे पुसले असते, नाहीतर वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं. भावजींनी जोड्या करून ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या.

मलाही एक मिळाली आहे. माझं मागचं अंगण शेणाने सारवलेलं होतं. गुडघे बोलायला लागले तशी मी तिथे फरशी घातली. सत्यनारायण घातला, भावजी आले, फ्रेम दिली. डावीकडे धुण्याच्या दगडाखाली ओळीने बसलेले माझे भेक, म्हणजे बेडूक, उजवीकडे चकचकीत फरशी आणि माझी निळी बादली. मी कडाकडा भांडले. माझ्या गुडघ्यांचं काय करू, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "गुडघ्याला मी काय बोललो नाय वहिनी. भेक गेले तेवढं दाखवलं." मी ती फ्रेम जिन्याखाली लावली, तिथे कोणी फिरकत नाही. पुढच्या पावसाळ्यात डासांनी फोडून काढलं, तेव्हा भावजींनी भिंतीवरून डोकावून फक्त "कसं काय?" एवढंच विचारलं. मी त्यांना त्या महिन्यात भाजी पाठवली नाही.

गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना आपल्याला काय दिलंय ते कळतच नसे. ओढ्याकाठच्या एका फार्महाऊसवाल्याला त्यांनी डावीकडे कातळावर ऊन खात पडलेली घोरपड आणि उजवीकडे त्याच कातळावर बांधलेला त्याचा स्विमिंग पूल दिला. तो इतका खूश झाला की पाहुण्यांना द्यायला आणखी प्रती मागितल्या. भावजींनी त्या करून दिल्या. एका कॉलेजने निसर्गावर फोटो दाखवायला बोलावलं, तिथे त्यांनी नुसत्या उजव्या बाजू दाखवल्या. रिकामी फांदी, रिकामा बांध, रिकामं पाणी. प्राचार्य सारखे उठून प्रोजेक्टरची वायर हलवून पाहत होते. मुलं हसत होती. भावजी शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि नारळ-शाल घेऊन घरी आले.

इथवर मी हे हसत सांगते, लोकही हसत ऐकतात. पण या जोड्यांची सुरुवात कुठून झाली ते मला ठाऊक आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पहिली जोड त्यांनी स्वतःच्या बायकोची केली. सुमन माझी मैत्रीण. दुपारची भांडी आटोपली की ती ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. भावजींनी तिचा तसा एक फोटो काढला होता, उन्हाची तिरीप सुपावर आलेली. तापाचं निमित्त होऊन ती गेली, तेव्हा मेघा, त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याच शाळेत चौथीत होती. तेरावं झालं, आणि एका दुपारी हा माणूस अंगणात कॅमेरा लावून उभा. तिरीप बरोबर तिथे येईपर्यंत थांबला, आणि रिकाम्या ओट्याचा फोटो काढला. दोन्ही एका चौकटीत बसवून मेघाच्या हातात दिले.

मी त्यांना बोलले. लेकराच्या हातात असं काही देतात का, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "मग काय सांगू? आई तारा झाली? ती बसायची तिथं आता कोण नाय. हे खरं हाय, ते तिनं बगावं." दुसऱ्या दिवशी मी मेघाच्या डोक्याला तेल लावून वेण्या घालत होते. ती मान खाली घालून म्हणाली, "काकू, उजवीकडचा कापून टाकला तर चालेल का?" मी म्हटलं, काप. पण तिने कापला नाही. बाबांना कळेल, म्हणाली.

तिच्या वेण्या मी पुढे कितीतरी वर्षं घातल्या, म्हणून तिच्याविषयी मी जे सांगते ते शेजारणीचं सांगणं नाही. बापाचा तिला धाक होता आणि वेडही होतं. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर माळावर जायची, शिकायची. खालापूरकडच्या त्या वरकस जमिनीचा एक तुकडा भावजींच्या वाटणीचा. खडकाळ, मुरुमाचा माळ, गवताशिवाय काही न येणारा. तिथे माळटिटव्या अंडी घालत. टिटव्या दोन, हे मी त्या बापलेकींकडूनच शिकले. डोळ्यापाशी पिवळी कातडी लोंबते ती माळटिटवी, तिला कोरडा मोकळा माळच लागतो. लाल असते ती दुसरी, ती पाण्याकाठी, शेतात, गटाराशेजारीसुद्धा भागवून घेते. मेघाला शाळेत असताना लांबून नुसत्या आवाजावरून दोघी ओळखता यायच्या. माझ्यासाठी दोन्ही सारख्याच, आणि आमच्या आईच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही घरावरून ओरडत गेल्या की कुणीतरी जाणार.

मेघाचं लग्न झालं तेव्हा भावजींनी तो माळ तिच्या नावावर केला. ती आणि जावई पनवेलला राहायचे. पुढे आजूबाजूचे तुकडे विकले गेले, त्यांना भिंती आल्या, भिंतींच्या आत हिरवळ आली आणि माळटिटव्या सरकत सरकत मेघाच्या तुकड्यावर आल्या. एव्हाना भावजींना खोकल्याने धरलं होतं. एकटे राहायचे, एकटे रांधायचे, कधी नाही रांधायचे. मेघाने माळावर घर बांधायचं ठरवलं ते त्यांच्यासाठी. तळमजल्यावर उत्तरेकडे मोठ्या खिडकीची एक खोली तिने नकाशात आधी काढून घेतली आणि मग उरलेलं घर तिच्याभोवती बसवलं. भावजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तुझी जागा, तू बघ, एवढंच म्हणाले.

चैत्रात पाया खणायचा, तर माळाच्या वरच्या अंगाला माळटिटवीने अंडी घातली. त्या साली सगळ्या माळावर तेवढी एकच जोडी उरली होती. भावजी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेले. पिल्लं निघेपर्यंत थांब, महिन्याचा प्रश्न आहे, म्हणाले. मेघाने त्याच दिवशी काम थांबवलं. कंत्राटदार कुरकुरला, पावसाआधी पाया झाला नाही तर वर्ष फुकट जाईल म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली. खालच्या कोपऱ्यात शौचटाकीचा गोल खड्डा आखलेला होता, अंड्यांपासून लांब, तेवढा काढायला भावजींनीच परवानगी दिली.

ते काही दिवस मी त्यांना सुखात पाहिलं. मला एकदा मुद्दाम माळावर नेलं. दगडावर बसवलं, हलू नका म्हणाले. मला समोर धोंडे दिसत होते, बाकी काही नाही. मग त्यातला एक धोंडा उठून चालायला लागला. ऊन इतकं होतं की माझी टाळू भाजत होती. मादी कुठूनतरी पोट भिजवून परत आली, अंड्यांवर उभी राहिली आणि अलगद बसली. "पाणी आणलं बग तिनं अंड्यास्नी," भावजी कुजबुजले. मला अहोजाहो करायचंही ते त्या क्षणी विसरले होते. मेघालाही त्यांनी तिथे बोलावून घेतलं, आणि दोघं एकाच दगडावर टेकून कितीतरी वेळ बसली. इतक्या वर्षांत त्यांना इतकं जवळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांना काळजी एकच होती. शेजारच्या प्लॉटवर पाण्याचे टँकर येत आणि वळायला या माळावर चढत. अंडी तर हुबेहूब मुरुमासारखी, ड्रायव्हरला दिसणार कशी? कंत्राटदाराचं फक्कीचं पोतं तिथेच पडलं होतं. फक्की म्हणजे ती पांढरी पूड, बांधकामाच्या रेघा मारायची. भावजींनी ओंजळ भरभरून घेतली आणि अंड्यांपासून थोडं अंतर राखून ठसठशीत पांढरं वर्तुळ काढलं. आंधळ्यालाही दिसेल, असं त्या संध्याकाळी मला समाधानाने सांगितलं.

जेसीबीवाल्याला ते दिसलं. त्याला निरोप एवढाच होता की म्हसकरांच्या माळावर फक्की मारलेला गोल खड्डा काढून दे. खालच्या कोपऱ्यातली फक्की शेळ्यांच्या कळपाने केव्हाच तुडवून पुसली होती. सकाळी तो आला, वरच्या अंगाला ताजं वर्तुळ दिसलं, त्याने त्यात बकेट घातली आणि पुरुषभर खोल खड्डा नीट गोल काढून दुसऱ्या कामावर निघून गेला. भावजी कॅमेरा घेऊन पोचले तेव्हा नर-मादी खड्ड्याच्या भोवती ओरडत घिरट्या घालत होती. भावजींना कारण माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की आपण इतकी मोठी खूण केली होती, तरी नेमकं तिथेच खोदलं. खोदणाऱ्याने दिसूनसुद्धा खोदलं, म्हणजे मुलीने सांगितलं म्हणूनच.

मेघाने त्याच संध्याकाळी जेसीबीवाल्याला गाठलं. तो बिचारा गोंधळला. "ताई, आमी फक्कीवरच खोदतो. दुसरं काय बघणार?" म्हणाला. ती तशीच माझ्याकडे आली. रडत नव्हती. बाबांना हे कधी कळता कामा नये, म्हणाली. ते स्वतःला माफ करणार नाहीत. मलाही ते पटलं, कारण मी त्या माणसाला ओळखत होते. दुसऱ्यांना त्यांनी कधी सूट दिली नाही, स्वतःला ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मेघाने ते आपल्या अंगावर घेतलं. बाबा, चूक झाली, एवढंच फोनवर म्हणाली.

मग वर्षभर भावजींनी तिचं जे केलं, ते शत्रूचं कोणी करू नये. फोन उचलायचे नाहीत. ती दारात आली तर मागच्या दाराने निघून जायचे. बाजारात, स्टेशनच्या कट्ट्यावर, कोणी काय चाललंय विचारलं की सांगायचे, "माझ्या पोरीनं अंडी खाल्ली." हे वाक्य फिरत फिरत तिच्या सासरी पोचलं. घर मात्र उभं राहत होतं, उत्तरेकडच्या खोलीसकट. मी एकदोनदा त्यांना समजावायला गेले, तर मला म्हणाले की तुमी तिच्या वेण्या घातल्या, तुमी तिचीच बाजू घेणार. खरं ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं.

माघात वास्तुशांत झाली. आदल्या दिवशी मेघाने मला विचारलं, "काकू, बाबा मला तसली फ्रेम नाही ना देणार?" मी म्हटलं, वेडी आहेस का, पोटची पोर आहेस तू. मला खरंच तसं वाटत होतं.

ते आले. पांढरा सदरा घातला होता, दाढी केली होती. होम झाला, भटजी उठले, आणि भावजींनी पिशवीतून फ्रेम काढली. डावीकडे अंड्यांवर बसलेली माळटिटवी. तो त्यांनी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे, आजही माझं तेच मत आहे. उजवीकडे खड्डा. सगळ्यांसमोर तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "महिनाभर थांब, एवढं एकच मागितलं होतं तुला. तेवढंबी झालं नाय तुझ्यानं."

मेघाने फ्रेमकडे पाहिलं. नेहमीच्या आवाजात, कुणाला पत्ता सांगावा तसं, तिने सांगायला सुरुवात केली. "बाबा, जेसीबीवाल्याला खालचा खड्डा सांगितला होता. तिथली फक्की शेळ्यांनी पुसली होती. तुमची ताजी होती, म्हणून त्याने तिथे खोदलं. तुम्ही खूण केली नसती, तर अंडी राहिली असती."

भावजींनी विचारलं, "कवा कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

"मग आता का सांगतीस?"

"तुम्ही हे आणलंत म्हणून."

तिची सासू मायेने मध्ये पडली. झालं गेलं सोडा, म्हणाली, आणि टिटवी गेली ते एका परीने बरंच झालं, घरावर ओरडलेली चांगली नसते. त्यावर दोघीतिघींनी माना डोलावल्या. भावजी कोणाकडे न बघता चपला शोधायला गेले. त्या दिवशी ते पंगतीला बसले नाहीत. मला त्यांची कीव यायला हवी होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एवढी वर्षं लोकांच्या हातात रिकाम्या जागा देत फिरलेल्या माणसाला एकदा कोणीतरी त्याच्या मापाचं दिलं, असं वाटलं. ते बरं वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं.

तिसऱ्या दिवशी भावजी मिनिडोर रिक्षाने खोपोलीकडे गेले, रस्त्याच्या कामावर तो जेसीबीवाला शोधून काढला, आणि त्याच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. परत येऊन मला भिंतीवरून एवढंच म्हणाले, "खरं हाय." मेघाची माफी मागितली नाही. आपण वर्षभर काय बोलत फिरलो, त्याचं नावही काढलं नाही. पण त्यानंतर त्यांनी कोणालाही जोड दिली नाही. नवीन बंगल्यांच्या मालकांना हायसं वाटलं असणार.

नमुना घेणं मात्र सुटलं नाही. चैत्र आला की ते मेघाच्या घराच्या फाटकाबाहेर जाऊन बसायचे. अंड्यांची जागा आता तिच्या गाडी लावायच्या फरशीखाली होती. तिथेच कॅमेरा रोखून, तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच वेळेला फोटो काढायचे. दार वाजवायचे नाहीत. मेघा त्या सकाळी गाडी मागे घेऊन जागा मोकळी करून द्यायची आणि मग खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. उत्तरेकडच्या खोलीत गादी घातलेली असायची, पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. हे मला तिच्या मोलकरणीने सांगितलं. त्या खोलीत ते एकदाही झोपले नाहीत.

गेल्या चैत्रात त्यांना फाटकापर्यंत जाणं झालं नाही. छाती भरली होती, दम पुरत नव्हता. मेघा येऊन जायची, औषधं ठेवायची, दोघं हवेपाण्याचं बोलायची. तिच्याकडे यायला ते तयार नव्हते. सकाळची पेज मी भरवत असे. अशाच एका सकाळी मेघाचा फोन आला, आणि मी आवाज मोठा करून त्यांच्या उशाशी धरला. तिच्या आवाजात असा उत्साह मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होते. गच्चीवर वाळूखडी पसरली होती, त्यात टिटवीने अंडी घातली आहेत, म्हणाली. फोटो पाठवलाय, बघा. "बाबा, तीच आहे ना?"

मी फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. मला आपली टिटवी दिसली, अंडी दिसली, मी देवाला हात जोडले. भावजी बघत राहिले. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. पलीकडून मेघा हाक मारत नव्हती, नुसती थांबली होती. मग त्यांनी फोन छातीवर ठेवला आणि आढ्याकडे बघत पडून राहिले. मला वाटलं, धाप लागली. पेज थंड होऊन तिच्यावर साय आली, इतका वेळ गेला.

"नाय गं," ते शेवटी म्हणाले. "लाल हाय. ती नाय ही."

बरं, मेघा म्हणाली, आणि फोन ठेवला. चार दिवसांनी भावजी गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या घरी गेले. ती ओट्याशी चहा करत होती. मी तिला म्हटलं, बाई, माझ्यासारखी अडाणी फसते ते ठीक, तुला कशी ओळखू आली नाही ती? ती म्हणाली, "ओळखली होती, काकू. डोळ्यापाशीची लाल कातडी गच्चीच्या दारातूनच दिसत होती. मला बघायचं होतं, माझ्यासाठी ते एकदा तरी खोटं बोलतात का."

मी सांगितलं ते खरंच होतं, तिची समजूत घालायला म्हणून नव्हतं. मी म्हटलं, त्यांना फार वेळ लागला गं. उत्तर द्यायला त्या माणसाला कधी वेळ लागलेला मी पाहिला नाही.

"चष्मा शोधत असतील," मेघा म्हणाली.

"चष्मा डोळ्यावरच होता."

तिने गॅस बंद केला. चहा गाळला, दोन कप भरले, आणि माझा कप माझ्यासमोर ठेवून स्वतःचा तिथेच ओट्यावर विसरून ती उत्तरेकडच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.